एकोणऐंशी आकडे आणि सहा अक्षरं

मोबाइल नंबर दहा आकडी असतो. समजा, कोणी तुम्हाला लागोपाठ आठ नंबर वाचून दाखवले, सेकंदाला एक आकडा या गतीने, तेही एकदाच, आणि म्हणालं, ‘आता ओळीने म्हणा.’ अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला स्टीव्ह फलून नावाचा विद्यार्थी या परीक्षेत फक्त एका आकड्याने नापास झाला असता. त्याचा पल्ला ७९ आकड्यांचा होता.

उपजत काही नव्हतं त्याच्यात. प्रयोग सुरू झाला तेव्हा तो तुमच्याआमच्यासारखाच सात आकड्यांवर अडखळत होता. मग रोज तासभर, आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दीड-पावणेदोन वर्षं तो नुसते आकडे ऐकत आणि म्हणत राहिला. एकूण २३० तासांहून जास्त. १९८० साली हा प्रयोग ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि माणसाच्या स्मरणशक्तीला ठरावीक मर्यादा असते, या समजाला तडा गेला. फलून हौशी धावपटू होता. ३, ४, ९, २ असं कानावर पडलं की तो मनात म्हणायचा, ‘तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद, मैलाची विक्रमाजवळची वेळ.’ असे गठ्ठे बांधायचे, गठ्ठ्यांचे पुन्हा गठ्ठे करायचे.

मला मात्र या कथेत ७९पेक्षा दुसराच आकडा जास्त थक्क करतो. इतकी तयारी झाल्यावर संशोधकांनी त्याला आकड्यांऐवजी अक्षरं ऐकवली. त्याला किती आठवली? साधारण सहा. २३० तासांच्या मेहनतीने आकड्यांचा पल्ला अकरा पटींनी वाढला आणि अक्षरांचा होता तिथेच राहिला.

आपल्याकडे एके काळी शाळेतली मुलं तिसाचे पाढे तर म्हणतच, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही म्हणत. औट म्हणजे साडेतीन. सोळा आण्यांच्या रुपयात आणि चाळीस शेरांच्या मणात ज्याला रोजचा व्यवहार करायचा, त्याला हे पाव-पाऊण तोंडपाठ असणं भागच होतं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, शंभर नव्या पैशांचा रुपया झाला आणि औटकीचा धंदा बसला. पण ती गेल्याची हळहळ अजून ऐकू येते, आणि ती हिशेबासाठी नसते. ‘त्याने डोकं तल्लख व्हायचं हो,’ असं म्हणतात. औटकीने औटकी पक्की व्हायची यात वाद नाही. डोकं व्हायचं का, हा प्रश्न फलूनच्या सहा अक्षरांचाच आहे. तो तसा जुना आहे. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आयतांचं क्षेत्रफळ नजरेने जोखायला शिकवलं. लोक तरबेज झाले. मग आकृतीचा आकार किंवा माप बदललं आणि तरबेजपणा ओसरला.

तरी ‘मेंदूचा व्यायाम’ विकणाऱ्यांचं दुकान चालतं, कारण त्यांच्या पाठीशी एक अजस्र आकडा उभा असतो: मेंदूतल्या चेतापेशी, ८६ अब्ज.

हा आकडा कसा आला, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बरीच वर्षं सगळे ‘शंभर अब्ज’ म्हणत होते आणि ते कोणी मोजलं होतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी सरळ मेंदूचं सूप केलं. साबणासारख्या द्रावणात मेंदूचे तुकडे घोटायचे, पेशींची आवरणं विरघळतात, केंद्रकं तेवढी शाबूत राहतात. सूप नीट ढवळून एकजीव करायचं, थेंबभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकं मोजायची आणि एकूण सुपाच्या मापाने गुणायचं. शितावरून भाताची परीक्षा, अगदी अक्षरशः. २००९मध्ये उत्तर आलं ८६ अब्ज. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजायला बसलात तर सुमारे २,७२५ वर्षं लागतील. आज संपवायचं असेल तर बुद्धाच्या जन्माआधी सुरुवात करायला हवी होती.

आता या ८६ अब्जांचा पत्ता पाहा. ज्या सुरकुतलेल्या सालीला आपण ‘बुद्धी’ समजतो, त्या मोठ्या मेंदूच्या सालीत सुमारे १६ अब्ज. मागे मानेजवळ लिंबाएवढा-मोसंबीएवढा लहान मेंदू असतो, वजनाने एकूण मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्यात ६९ अब्ज! उरलेल्या सगळ्या भागात मिळून एक अब्जही नाहीत. म्हणजे दर पाच चेतापेशींतल्या चार अशा भागात आहेत ज्याचं नाव निघालं की डॉक्टर तुम्हाला नाकाला बोट लावायला आणि सरळ रेषेत चालायला सांगतात. तोल, लय, नेम, हाताची सफाई ही त्याची जुनी खाती. तिथल्या एकेका पर्किंजे पेशीवर लाखाहून जास्त धाग्यांचे निरोप येऊन थडकतात. हत्तीचं तर आणखी नवल. त्याच्या मेंदूत २५७ अब्ज चेतापेशी, आपल्या तिप्पट, पण त्यातल्या ९८ टक्के लहान मेंदूत.

या भागाला केवळ हातापायांचा मुकादम समजण्याची चूकही दुरुस्त झाली आहे. १९९८मध्ये बोस्टनच्या जेरेमी श्मामान यांनी लहान मेंदूला इजा झालेल्या २० रुग्णांचं वर्णन केलं. त्यांचं नियोजन, बोलण्यातली शब्दांची जुळवाजुळव, भावनांचा आवर, सगळंच विस्कटलेलं होतं. मनाचं खातं आणि हालचालीचं खातं आपण वेगळं लिहितो, मेंदूच्या वहीत ते एकाच पानावर आहे.

तर ८६ अब्ज पेशी आहेत म्हणून दहा मिनिटांच्या खेळाने त्या चमकून उठतात का? लंडनच्या बीबीसीच्या मदतीने एड्रियन ओवेन यांनी २०१०मध्ये हे मोठ्या संख्येवर तपासलं. १८ ते ६० वयाच्या ११,४३० लोकांनी भाग घेतला. त्यातल्या बहुतेकांनी सहा आठवडे, दिवसाला निदान दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. जो खेळ खेळला, त्यात प्रगती झाली, चांगली झाली. त्याच्या शेजारच्या, न खेळलेल्या कसोट्यांत जवळपास काहीच नाही. आकडे लक्षात ठेवण्याच्या कसोटीत एका गटाची वाढ किती होती? एका आकड्याच्या शंभर भागांतले तीन भाग. संशोधकांनी जरा खट्याळपणेच हिशेब मांडला की या गतीने एक आख्खा आकडा जास्त लक्षात राहायला जवळपास चार वर्षं लागतील. ज्यांना खेळच दिले नव्हते, नुसती इंटरनेटवर उत्तरं शोधायला लावली होती, त्यांची वाढ याहून जास्त भरली.

फलूनचे ७२ जादा आकडे एका पारड्यात आणि हे शंभरातले तीन भाग दुसऱ्या. दोन्ही खरे. फलूनने जे घोटलं त्याचीच परीक्षा झाली, हे विसरायचं नाही.

२०१६च्या जानेवारीत ‘लुमॉसिटी’ हे मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाला २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. वयासोबत येणारी बुद्धीची घसरण खेळांनी टळते, अशा जाहिरातींना पुरेसा आधार नाही, असा आयोगाचा आक्षेप होता.

एवढ्यावर थांबून ‘सगळं थोतांड’ म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. कारण ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाचा अभ्यास मध्ये येतो, आणि तो भारदस्त आहे. अमेरिकेत सहा ठिकाणी, ६५ ते ९४ वयाची २,८३२ माणसं. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काचे नमुने, तिसऱ्याला वेगाने पाहण्याचं शिक्षण, चौथ्याला काहीच नाही. शिक्षण म्हणजे पाच-सहा आठवड्यांत तासा-सव्वातासाच्या दहा बैठका. काहींना पुढे अकराव्या आणि पस्तिसाव्या महिन्यात थोडी उजळणी. वेगाच्या गटात पडद्यावर मध्यभागी एक वाहन लुकलुकायचं आणि त्याच क्षणी कडेला कुठेतरी दुसरं. मध्ये काय होतं आणि कडेला कुठे होतं, दोन्ही सांगायचं. चित्र दिसण्याचा अवधी कमी कमी होत सेकंदाच्या हजार भागांतल्या सोळांपर्यंत जायचा. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

शिक्षण संपल्या संपल्या वेगाच्या गटातल्या ८७ टक्के लोकांची खात्रीलायक प्रगती दिसली, तर्काच्या गटात ७४ टक्क्यांची, स्मरणाच्या गटात अवघ्या २६ टक्क्यांची. आता दहा वर्षं म्हणजे ८७,६०० तास. त्यात दहा-बारा तासांचं हे शिक्षण म्हणजे रांजणात चमचाभर. तरीही दहा वर्षांनी वेगाच्या गटातले सुमारे ७१ टक्के लोक त्या कसोटीवर सुरुवातीच्या पातळीवर किंवा वर होते, काहीच न शिकलेल्यांपैकी ४९ टक्के. स्मरणाच्या गटाचा फायदा मात्र विरून गेला होता. आणि गंमत म्हणजे वेग शिकलेला हा गट गाडी चालवायला लागला तेव्हा पुढच्या सहा वर्षांत स्वतःच्या चुकीने होणारे त्यांचे अपघात जवळपास निम्म्यावर आले. पडद्यावरचं कौशल्य स्टिअरिंगपर्यंत पोचलं. मला वाटतं ते पोचलं, कारण कडेने आलेली गाडी वेळेत दिसणं हे रस्त्यावरही तेच काम आहे. आकडे आणि अक्षरं यांच्यात आहे तेवढंही अंतर तिथे नाही.

२०१७मध्ये याच लोकांच्या माहितीवरून आणखी मोठी बातमी झाली: वेगाच्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्के कमी! वृत्तपत्रांनी २९ छापला. शेजारी कंसात जो पट्टा होता, तो कोणी फारसा वाचला नाही. शून्य पूर्णांक पन्नास ते शून्य पूर्णांक नऊशे अठ्ठ्याण्णव. एक म्हणजे काहीच फरक नाही. म्हणजे धोका निम्म्याने घटला असेल, किंवा हजारात दोन भागांनी. पट्टा एकच्या उंबऱ्याच्या आत राहिला तो हजारातल्या या दोन भागांनीच. मी हे संशोधनाला हिणवण्यासाठी सांगत नाही. इतक्या वर्षांनी, इतक्या थोड्या तासांचा माग लागणं हीच नवलाची गोष्ट. पण २९ टक्के हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहिण्याइतकं पक्कं नाही.

मनाचा आणि पायांचा संबंध किती उघडावाघडा असतो, हे पाहायला मात्र संगणक लागत नाही. १९९७मध्ये स्वीडनच्या उमेओ गावातल्या तीन संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. वृद्धांच्या निवासात ५८ जणांबरोबर चालायचं आणि चालता चालता गप्पा सुरू करायच्या. बस्स, एवढाच प्रयोग. १२ जण बोलायला म्हणून थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. जे चालत चालत बोलत राहिले, त्या ४६ जणांपैकी ११ पडले. घरातल्या आजोबांना ‘अहो, चालताना बोलू नका’ म्हणणाऱ्या आजीने हा शोध कधीच लावलेला असणार, तिने फक्त गुणोत्तर काढलं नव्हतं. चालणं आपल्याला फुकट वाटतं. वय झालं की त्याची किंमत लक्ष देऊन मोजावी लागते, आणि लक्षाचा गल्ला एकच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात.

उलट्या दिशेनेही वाट आहे. १९९२मध्ये आयोवा विद्यापीठात ग्वांग यू आणि केली कोल यांनी काही तरुणांना करंगळी बाहेरच्या बाजूला जोर लावून ताणायला लावली, चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. करंगळीची ताकद ३० टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाने करंगळी हलवलीच नाही. ती पूर्ण ताकदीने ताणतोय अशी नुसती कल्पना केली, स्नायू ढिला ठेवून. त्यांची ताकद २२ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांची ३.७. स्नायूचा दोर तोच, आकार तोच. बदलली ती वरून सुटणाऱ्या हुकुमाची शिस्त. गादीवर पडून दंड-बैठका मारण्याचं स्वप्न पाहणाऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये: करंगळीत जमलं म्हणून मांडीत जमेलच असं नाही. कोपर वाकवण्याच्या बाबतीत पुढे अशीच कसोटी झाली, तेव्हा वाढ १३.५ टक्के भरली.

आणि शरीर हलवल्याने मेंदूचं माप बदलतं, हेही मोजलं गेलंय. २०११मध्ये १२० वृद्धांचा एक प्रयोग आला. निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं झपझप चालले, निम्म्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. स्मरणाशी बांधलेला हिप्पोकॅम्पस हा भाग चालणाऱ्यांत दोन टक्क्यांनी वाढला, इतरांत सुमारे १.४ टक्क्यांनी आकसला. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. उतारवयात तो भाग दर वर्षी एक-दोन टक्क्यांनी घटत असतो, त्या हिशेबात हे वर्ष-दोन वर्षं मागे जाणं झालं. जर्मनीत २००४मध्ये तीन चेंडू हवेत झेलायला शिकलेल्या १२ जणांच्या मेंदूतही, हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागात, तीन महिन्यांत वाढ दिसली. त्यांनी सराव सोडला आणि पुढच्या तीन महिन्यांत ती उतरू लागली. मेंदू भाड्याने जागा देतो, विकत नाही.

मला हे सगळं आठवण्याचं कारण माझी आत्या. तिला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. अशा झटक्यात, मोठी रक्तवाहिनी तुंबलेली असेल आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, १४ अब्ज जोडण्या तुटतात, १२ किलोमीटर लांबीचे तंतू जातात. अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर यांनी २००६मध्ये केलेला हा हिशेब आहे. तासाभरात मेंदू साडेतीन वर्षांनी म्हातारा होतो. आत्याला गाडीत घालून रुग्णालयात पोचवायला आम्हाला सत्तर मिनिटं लागली. या आकड्याला १९ लाखांनी गुणायचा मोह मी आजवर टाळला आहे.

नंतर व्यायामाचे दिवस आले. फिजिओथेरपिस्ट ताई अर्धा तास यायच्या, गोड बोलायच्या, हात हलवून घ्यायच्या. मी तेव्हा मोजलं नव्हतं, पण अमेरिकेत कॅथरीन लँग यांनी २००९मध्ये ३१२ बैठका पाहून मोजलंय: एका बैठकीत हाताने काही उपयोगाची हालचाल सरासरी ३२ वेळा होते. माकडांवरच्या ज्या प्रयोगांवरून ‘सराव केला तर मेंदू नकाशा पुन्हा आखतो’ हे कळलं, त्यात माकडं खाचेतले खाऊचे दाणे चिमटीने उचलत, दिवसाला चारशे ते सहाशे वेळा. बत्तीस आणि सहाशे! हे वाचलं आणि मला वाटलं, सापडलं. मी आत्यापुढे दोन वाट्या ठेवल्या, एकीत चिंचोके. उजव्या हाताने उचलायचे, दुसरीत टाकायचे. सहाशे.

मग आणखी वाचलं. लँग यांनीच २०१६मध्ये ८५ रुग्णांना वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या: ३,२००, ६,४००, ९,६०० वेळा, किंवा झेपेल तितकं. जास्त मात्रेने जास्त सुधारणा, असं काही दिसलं नाही. झटका येऊन सहा महिने उलटून गेलेल्यांत, सगळ्याच गटांत बदल थोडा. म्हणजे माझ्या सहाशेलाही कोणी देव मानायचं कारण नव्हतं. हे आत्याला मी सांगितलं नाही. सांगूनही ती थांबली नसती, कारण चिमूट आता जमायला लागली होती आणि ब्लाउजची हुकं लावायला तिला कोणाची मदत नको होती. चिंचोके आणि हुक, दोन्हीला तीच दोन बोटं लागतात.

परवा गेलो तेव्हा ती ओसरीत बसून मोजत होती. ओठ हलत होते, टक, टक, वाटीत पडल्याचा आवाज येत होता. एकशे बारा, एकशे तेरा. मी दारातूनच विचारलं, “आत्या, चहा टाकू का?”

हात हवेत थांबला.

“अर्धा कप टाक. साखर बेताची,” ती म्हणाली. मग वाटीकडे पाहत राहिली. आकडा गेला होता. तिने डाव्या हाताने वाटी उचलली आणि चिंचोके पहिल्या वाटीत ओतून टाकले.